जलवितरणाच्या मॉडेलमध्ये तासागणिक बदलणारी मागणी कशी भरावी? माझा जलकुंभ दुपारी एकच्या आत रिकामा होतो

प्रश्न — स्थापत्य_नाशिक

नमस्कार. मी नाशिकमध्ये स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी शहरातील एका जलकुंभाच्या वितरण क्षेत्राचे मॉडेल एपानेट या जलवाहिन्यांच्या जाळ्याची गणना करणाऱ्या संगणक प्रणालीत तयार करते आहे. क्षेत्राची लोकसंख्या २७,२०० धरली आहे. दरडोई दररोज १३५ लिटर आणि एकूण पुरवठ्याच्या १५ टक्के गळती असा हिशेब केल्यावर दिवसाची गरज ४,३२० घनमीटर, म्हणजे तासाला सरासरी १८० घनमीटर येते. जलकुंभ २० लाख लिटरचा असून मुख्य वाहिनीतून त्यात दिवसरात्र तासाला १८० घनमीटर पाणी पडते, असे धरले आहे.

मागणीचा पॅटर्न मी एका पाठ्यपुस्तकातून घेतला. त्यात चोवीस गुणक आहेत, म्हणजे प्रत्येक तासाची मागणी सरासरीच्या किती पट ते सांगणारे आकडे. मध्यरात्रीपासून ०.४, ०.३, ०.३, ०.४, ०.८, मग पाच वाजता १.६, सहाला २.४, सातला २.२, आठला १.८ आणि संध्याकाळी पुन्हा १.५ पर्यंतचा लहान उंचवटा. सगळ्यांची बेरीज २४ येते हे तपासले आहे. पन्नास हजारांपेक्षा कमी लोकसंख्येसाठी कमाल मागणीचा गुणांक ३ घ्यावा असे सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या पाणीपुरवठाविषयक संस्थेच्या १९९९ च्या पुस्तिकेत असल्यामुळे प्रत्येक नोडची, म्हणजे वाहिन्या जिथे जुळतात त्या बिंदूची, मूळ मागणी मी तीनने गुणून भरली. मॉडेल सकाळी सहाला सुरू व्हावे म्हणून घड्याळाची सुरुवात ६ वाजता ठेवली आहे.

अडचण अशी की सकाळचा कमाल उपसा आलेखात दुपारी बारा ते एक या वेळेत दिसतो आणि त्याच तासात जलकुंभ कोरडा पडून पुढे सगळीकडे उणे दाब येतो. दोन गुणकांच्या मधल्या वेळेत मागणी हळूहळू चढते की एकदम उडी मारते, हेही मला नीट कळलेले नाही. आठवड्याच्या वेगवेगळ्या दिवसांसाठी वेगळे गुणक देता येतात का?

उत्तर — पाझर

आपल्या मॉडेलमध्ये दोन स्वतंत्र चुका आहेत आणि त्या एकाच वेळी दिसत असल्यामुळे गोंधळ वाढला आहे.

आधी घड्याळाचे पाहू. एपानेटमध्ये घड्याळाची सुरुवात आणि पॅटर्नची सुरुवात या दोन निरनिराळ्या नोंदी आहेत. घड्याळ सहाला लावल्याने अहवालातील वेळ बदलते आणि ‘अमुक वाजता पंप चालू’ अशा घड्याळावर बांधलेल्या आज्ञा त्यानुसार चालतात, पण पॅटर्न आपल्या पहिल्याच गुणकापासून सुरू होतो. आपला पहिला गुणक मध्यरात्रीचा आहे, तो सहाला लागला आणि सहा वाजताचा २.४ बाराला लागला. पॅटर्नची सुरुवातही ६:०० अशी भरा, म्हणजे पहिल्याच तासाला सातवा गुणक लागेल. ही नोंद मॉडेलमधल्या सगळ्या पॅटर्नना एकदमच लागू होते. एकच पॅटर्न पुढेमागे सरकवायचा असेल तर त्याचे गुणक हातानेच फिरवून लिहावे लागतात.

दुसरी चूक जास्त महागात पडते. मूळ मागणी ही दिवसाची सरासरी असते. नोडवरची त्या क्षणीची मागणी म्हणजे मूळ मागणी गुणिले त्या वेळचा गुणक, आणि त्यावर संपूर्ण मॉडेलला लागू होणारा एक सामाईक गुणक. कमाल तासाची वाढ पॅटर्नच्या २.४ मध्ये आलेलीच आहे. ती मूळ मागणीत पुन्हा ३ ने मिसळल्यावर सहा वाजता आपले मॉडेल तासाला ४३२ च्या ऐवजी सुमारे १,३०० घनमीटर मागते आणि दिवसभरात ४,३२० च्या जागी जवळपास १३,००० घनमीटर. वीस लाख लिटरचा जलकुंभ त्यापुढे टिकणार नाही. मूळ मागणी पूर्ववत केली की पहाटे पाच ते नऊ या चार तासांत जलकुंभ ७२० घनमीटरने उतरेल आणि पुढे भरून निघेल. पुस्तिकेतला ३ वाहिन्यांचा व्यास ठरवण्यासाठी आहे. तो तपासायचाच असेल तर पॅटर्नमधला सर्वांत मोठा गुणक ३ करा आणि इतर तासांतून तेवढेच काढून घ्या, म्हणजे सरासरी १ राहील.

गुणकांच्या मधल्या वेळेबद्दल: मागणी पायरीसारखी बदलते, चढत नाही. पॅटर्नची पायरी एक तासाची असेल तर ६:०० ते ७:०० पूर्ण २.४ राहतो आणि ७:०० ला थेट २.२ होतो. अर्ध्या तासाची पायरी हवी असेल तर ४८ गुणक लिहा. जलीय गणनेची पायरी पॅटर्नच्या पायरीपेक्षा मोठी ठेवली असल्यास प्रणाली ती आपोआप लहान करते. आठवड्यासाठी १६८ गुणकांचा एकच लांब पॅटर्न चालतो. पॅटर्न संपला की पहिल्यापासून पुन्हा सुरू होतो, म्हणून २४ गुणकांनीही आठवडाभराची गणना होते, फक्त रविवार बुधवारसारखाच दिसतो.

गळती मात्र वेगळ्या प्रवर्गात टाका. एका नोडला मागणीचे अनेक प्रवर्ग देता येतात आणि प्रत्येकाला स्वतःचा पॅटर्न लावता येतो. आपल्या १८० मधले २७ घनमीटर गळतीचे आहेत आणि ते रात्री दोन वाजताही वाहतात. ते बाजूला काढल्यावर घरगुती मागणी तासाला १५३ उरते, तिचा सहा वाजताचा गुणक २.४ ऐवजी २.६५ होतो आणि पहाटेचा ०.३ ऐवजी ०.१८. पुढच्या वीस वर्षांची लोकसंख्या भरताना घरगुती भाग वाढवायचा आणि गळती वेगळी हाताळायची, हे त्यामुळे शक्य होते. इथे एक सापळा आहे. गळतीला ‘पॅटर्न नको’ म्हणून जागा रिकामी सोडली की तिला मूलनिवडीचा, म्हणजे सहसा १ क्रमांकाचा, पॅटर्न चिकटतो आणि गळतीही सकाळी सहाला अडीचपट होते. त्यासाठी १.० असा एकच गुणक असलेला पॅटर्न तयार करून तो नेमून द्या. या एका रिकाम्या जागेने माझे दोन दिवस खाल्ले आहेत.

उत्तर — निवृत्त_शाखा_अभियंता

पाझर यांचे गणित बरोबर आहे. माझी शंका त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. या जलकुंभावरून आज चोवीस तास पाणी सोडले जाते का? गंगापूर धरणात पाणी आहे म्हणून नळाला दिवसभर पाणी येते असे होत नाही, आणि बहुतेक नाशिककरांना ‘पाणी किती वाजता येते’ हा प्रश्न विचित्र वाटत नाही. आपण पाठ्यपुस्तकातून आणलेला पॅटर्न ज्या गावचा आहे, तिथे माणूस तोटी उघडतो तेव्हा पाणी वाहते. आपल्याकडे व्हॉल्व्हमन चावी फिरवतो तेव्हा वाहते. मागणीची वेळ वापरणारा ठरवत नाही.

नोकरीतली तीसेक वर्षे मी हेच पाहिले आहे. पहाटे चावी उघडली की पहिली पाच-दहा मिनिटे नळातून नुसती हवा फुसफुसते, कारण रात्रभरात वाहिनी रिकामी झालेली असते. मग उताराकडच्या गल्लीत धो-धो पाणी येते आणि तिथल्या जमिनीखालच्या टाक्या भरतात. चढावरच्या घरांत तेव्हा फक्त धार असते, आणि कोणीतरी थेट नळजोडणीला मोटार लावली की तीही तुटते. खालच्या टाक्यांचे तरंगते झडप बंद झाल्यावर वर दाब चढतो, म्हणजे चढावरचे लोक कमाल पाणी घेतात ते पाणी सुटल्यावर तास-सव्वा तासाने. एकाच पेठेतल्या दोन गल्ल्यांचे पॅटर्न त्यामुळे वेगळे असतात.

आपल्या क्षेत्रात चौकशी करा. माझा अंदाज असा की क्षेत्राचे दोन भाग केलेले असतील आणि एकाला सकाळी, दुसऱ्याला संध्याकाळी पाणी मिळत असेल, कारण २० लाख लिटरच्या जलकुंभातून ४,३२० घनमीटर एका दमात सोडता येत नाही. तसे असेल तर प्रत्येक भागाला दोन तासांत २,१६० घनमीटर द्यायचे आहे. अर्ध्या तासाची पायरी घेऊन ४८ गुणक लिहा, त्यातले चार १२ आणि उरलेले शून्य. सरासरी १ च राहते. समजा वेळा पहाटे साडेपाच ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते सात अशा आहेत. तर सकाळी भरलेल्या २,००० घनमीटरमध्ये दोन तासांत आलेले ३६० मिळवून २,१६० वजा केले की २०० उरतात, साडेनऊ तासांत १,७१० येऊन १,९१० होतात, संध्याकाळच्या पाळीनंतर ११० उरतात आणि रात्रीच्या साडेदहा तासांत जलकुंभ पुन्हा काठोकाठ २,००० वर येतो. कागदावर बसते, पण एका पाळीत वीजपुरवठा तासभर गेला आणि वाहिनी थांबली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळचा भाग ओरडतो.

विषयाला धरूनच एक सांगतो. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्रामसारख्या तात्पुरत्या वस्तीसाठी आणि रामकुंडाकडच्या गर्दीसाठी शहराचा नेहमीचा पॅटर्न वापरणे निरर्थक होते. पर्वस्नानाच्या दिवशी माणसे मध्यरात्रीनंतरच हलायला लागतात. अशी मागणी स्वतंत्र प्रवर्ग आणि स्वतंत्र पॅटर्न म्हणूनच टाकावी लागते, आणि येत्या सिंहस्थाचे मॉडेल करणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद — स्थापत्य_नाशिक

दोघांचेही आभार. पाझर यांनी सांगितल्याप्रमाणे घड्याळ, मूळ मागणी आणि गळती दुरुस्त केली. सकाळी सहाचा कमाल आता सहालाच दिसतो आणि जलकुंभ रिकामा होत नाही. म्हणजे भविष्यातल्या चोवीस तास पुरवठ्याचे मॉडेल आता चालते.

सरांचा अंदाज मात्र अगदी खरा निघाला. दोन भाग आहेत आणि वेळाही त्यांनी लिहिल्या त्याच्या आसपासच आहेत. काल पहाटे परवानगी घेऊन मी जलकुंभाजवळ उभी राहिले. बाहेरच्या बाजूला पातळी दाखवणारी पट्टी आहे, तिच्यावर दर अर्ध्या तासाने खूण वाचली. जलकुंभाचा आतला व्यास २५ मीटर आहे, म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की ४.९१ घनमीटर पाणी गेले. साडेपाच ते सहा या वेळेत पातळी १३० सेंटिमीटर उतरली, पुढच्या अर्ध्या तासात ९६, मग ७० आणि शेवटच्या अर्ध्या तासात ४८. प्रत्येक अर्ध्या तासात येणारे ९० घनमीटर मिळवल्यावर बाहेर गेलेले पाणी अनुक्रमे ७२८, ५६१, ४३४ आणि ३२६ घनमीटर होते, एकूण २,०४९.

सकाळच्या भागाची सरासरी मागणी तासाला ९०, म्हणजे अर्ध्या तासाला ४५ घनमीटर धरली होती. त्या हिशेबाने गुणक १६.२, १२.५, ९.६ आणि ७.२ येतात. सरळ १२, १२, १२, १२ कुठेच नाही. त्यांची बेरीजही ४८ नसून ४५.५ आहे. मग मूळ मागणी कमी करावी की गुणक वाढवावेत? आणि हा मोजलेला पॅटर्न त्या भागातल्या सगळ्या नोडना लावला तर चालेल का?

उत्तर — पाझर

पट्टी वाचायला पहाटे साडेपाचला उभे राहणारे विद्यार्थी कमी, त्याबद्दल कौतुक. मूळ मागणी कमी करा. त्या दिवशी २,०४९ घनमीटर गेले, म्हणजे त्या भागाची सरासरी तासाला ८५.४ आहे, आणि गुणक त्या सरासरीने भागून पुन्हा काढा, म्हणजे बेरीज ४८ होईल. एका दिवसाच्या वाचनावर मात्र थांबू नका. पहिल्या अर्ध्या तासाच्या ७२८ मध्ये रिकामी वाहिनी भरायला गेलेले पाणीही आहे, आणि एपानेट सगळ्या वाहिन्या कायम भरलेल्याच धरतो. ते भरणे त्याला दाखवता येत नाही. त्या अभ्यासासाठी पर्जन्यजलाच्या एसडब्ल्यूएमएम या प्रणालीचा आधार घेणारे संशोधक आहेत, पण पदव्युत्तर प्रकल्पात तिकडे वळण्याची गरज मला वाटत नाही.

दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि इथे सरांनी सुचवलेल्या चार बाराच्या पॅटर्नशीही मी सहमत नाही. आपण मोजलेली घट कशामुळे आहे ते पाहा. जलकुंभाची पातळी दोन तासांत ३.४४ मीटर उतरली, तेवढा दाब कमी झाला, आणि त्याच वेळी खालच्या घरांच्या टाक्या एकेक करून भरत गेल्या. म्हणजे १६.२ पासून ७.२ पर्यंतची ही उतरंड जाळ्याच्या वागण्याचा परिणाम आहे. ती आपण नोडवर पॅटर्न म्हणून भरली तर मॉडेलने जे शोधून काढायचे तेच आपण त्याला आधी सांगून टाकतो, आणि चढावरच्या नोडलाही साडेपाचलाच १६ पट पाणी ‘मिळते’, मग दाब उणे असला तरी. पारंपरिक गणनेत मागणी पुरवली गेलीच असे धरून दाब काढला जातो.

२०२० मधल्या एपानेट २.२ मध्ये दाबावर अवलंबून असलेल्या मागणीचा पर्याय आला आहे. त्यात किमान दाब आणि अपेक्षित दाब भरायचा. एकमजली घरांसाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ हे पुस्तिकेतले शिल्लक दाब, म्हणजे जोडणीपाशी उरायला हवा तेवढा दाब, त्यासाठी घेता येतील. दाब अपेक्षेपेक्षा कमी पडला की त्यानुसार मागणी कापली जाते. उणे दाबाचा विनोद त्याने थांबतो. पण सहाला न मिळालेले पाणी सातला मागितले जात नाही, आणि आपल्या चढावरच्या गल्लीत नेमके तेच घडते.

म्हणून घरांच्या टाक्याच मॉडेलमध्ये घाला. वीस-पंचवीस घरांचा एक गट धरून त्यांच्या सगळ्या टाक्यांची मिळून एक टाकी करा, ती एका लहान व्यासाच्या आणि एकाच दिशेने वाहू देणाऱ्या वाहिनीने नोडला जोडा. टाकी पूर्ण भरली की एपानेट तिचा प्रवेश बंद करतो, म्हणजे तरंगत्या झडपेचे काम आपोआप होते. टाकीच्या पलीकडे आणखी एक नोड द्या आणि आपला पाठ्यपुस्तकातला चोवीस गुणकांचा पॅटर्न तिथे लावा. लोक दात घासतात, भांडी घासतात, संध्याकाळी पुन्हा पाणी वापरतात ते टाकीतून, आणि त्या पॅटर्नची खरी जागा तिथेच आहे. टाकीच्या अलीकडे पॅटर्न ठेवायचाच नाही. तिथे पाणी कधी आणि किती वाहील ते चावीच्या वेळा आणि दाब मिळून ठरवतील.

असे केल्यावर जलकुंभाच्या मुखाशी मॉडेल जो प्रवाह देईल तो आपल्या ७२८, ५६१, ४३४, ३२६ शी ताडून पाहा. तुलनेसाठी हे आकडे फार मोलाचे आहेत, म्हणून ते आत भरण्यात वाया घालवू नका.

उत्तर — निवृत्त_शाखा_अभियंता

माझा चार बारांचा पॅटर्न जलकुंभाची क्षमता पुरते का एवढेच पाहण्यासाठी होता. गल्लीतल्या दाबासाठी तो वापरू नये हे मान्य आहे. पाझर यांच्या पद्धतीत एक भर घालतो. जोडवाहिनीचा व्यास आणि लांबी मनाने भरू नका, कारण सगळी उतरंड तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्यक्ष नळजोडण्या बहुधा अर्ध्या इंचाच्या असतात. पंचवीस जोडण्यांचा मिळून प्रवाह किती होतो ते एखाद्या घरी जाऊन वीस लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते पाहून ठरवा. एक घर उताराचे घ्या, एक चढाचे. चढाच्या घरी पाणी पोहोचल्याची वेळ मिनिटासह लिहून ठेवा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद — स्थापत्य_नाशिक

बादलीचे वाचन आज झाले. उताराच्या घरी पाणी ५:४१ ला आले आणि बादली ३८ सेकंदांत भरली. चढाच्या घरी ६:२३ ला आले, तेव्हा २ मिनिटे १० सेकंद लागले. सात वाजता त्याच नळाला ५५ सेकंद पुरले. त्या घरातल्या आजींनी मला चहा देताना सांगितले की खालच्या बंगल्यांच्या टाक्या भरून पाणी रस्त्यावर सांडायला लागले की आपल्याकडे येते, हे त्यांना कधीचे माहीत आहे. त्या सांडण्यावरून नवीन अडचण उभी राहिली. तरंगते झडप नसलेल्या टाक्या भरल्यावरही वाहतच राहतात, म्हणजे मॉडेलमध्ये त्यांचा प्रवेश बंद होऊन चालणार नाही. एपानेट २.२ मध्ये टाकीला ओसंडून वाहण्याची मुभा देता येते असे दिसले, ती काही गटांना देऊन उद्या पुन्हा गणना करते.